सुभद्रा भोईणीचं तळं

आमच्या तळवडगावात जाळं टाकणारी बाई एकच होती, सुभद्रा. भोयांच्या बाकी बायका मासे विकायच्या, टोपलं डोक्यावर घेऊन परतवाड्याच्या बाजारात बसायच्या, उन्हात झिंगे वाळवायच्या. डोंग्यात उभं राहून जाळं फेकणं हे मात्र पुरुषांचं काम. सुभद्राचा नवरा सूर्यभान याला ऐन तिशीत दमा लागला. थंडीत पाण्यावर गेला की त्याची छाती वाजायला लागे. मग एका हिवाळ्यात सुभद्रानं लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, सूर्यभानला डोंग्यात बसवून त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं आणि जाळं स्वतःच्या हातात घेतलं. तो बसल्या जागेवरून सांगे, ती फेके. भोयांच्या वस्तीत चार लोक हसले, दोघांनी तोंडावर नावं ठेवली. पुढच्या वर्षापासून सूर्यभान काठावर बसू लागला आणि सुभद्रा एकटी तळ्यात जाऊ लागली.

तळवडगाव परतवाड्याच्या उत्तरेला, अगदी सातपुड्याच्या पायथ्याशी. दोन टेकड्यांमधून येणारा नाला कोणे एके काळी मातीचा बांध घालून अडवला, त्याचं हे तळं झालं. गावाकडच्या अंगाला दगडी घाट. डोंगराकडच्या अंगाला तळ्याचा एक चिंचोळा फाटा टेकड्यांच्या बेचक्यात शिरलेला. त्या बाजूला गुराखी सोडले तर कोणी फिरकत नसे. मधोमध पाणी इतकं खोल की डोंग्यातला सगळ्यात लांब बांबूही तळाला टेकायचा नाही. उन्हाळ्यात चहूकडचे नाले कोरडे पडत, विहिरी खरवडून पाणी काढावं लागे, पण आमचं तळं कधी आटलं नाही. सुभद्राला त्या खोलीचा फार भरवसा. तळ्यावर गुरं धुतली जात, कपडे धुतले जात, पावसाळ्यात सारं शिवार वाहून त्यात येई. ती म्हणायची, "त्याच्या पोटात सारं जिरते."

तळ्यात तेव्हा मरळ होती, वाम होती, झिंगे होते. पण भोयांची घरं वाढली आणि मासे कमी होत गेले. सत्तावन्न साली मत्स्य खात्याचे निरीक्षक ढोमणे साहेब सायकलीवरून गावात आले. भोयांना जमवून त्यांनी सांगितलं, की कलकत्त्याकडून मासोळीचं बी रेल्वेनं येतं, रोहू आणि कतला. तुमच्या तळ्यासाठी सरकार ते फुकट देतंय. बडनेरा स्टेशनवरून तुम्ही घेऊन या.

भोयांना ते पटलं नाही. सुभद्राचा मोठा दीर म्हणाला, "दोन दिवस रेल्वेत बसून आलेली मासोळी आपल्या तळ्यात जगन का? मानूस उतरते तं त्याले घेरी येते."

"जाऊन पाहू," सुभद्रा म्हणाली. "मेली तं मेली."

जायला कोणी तयार होईना. सूर्यभानच्या छातीला प्रवास झेपणारा नव्हता. शेवटी देवमन म्हणाला, "मी येतो, वहिनी. बडनेऱ्याले मी दोन वर्सं हमाली केली हाय. मले ठेसन ठावं हाय."

देवमन सूर्यभानचा लहानपणापासूनचा सोबती. आदल्या वर्षी दसऱ्याला तो आणि त्याची बायको इंदूबाई नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले होते. गावातल्या त्यांच्या साऱ्याच वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं काम तेव्हापासून सोडलं, आणि ते गावातल्या बऱ्याच जणांना खुपत होतं. देवमन आता मिळेल ती रोजी करी.

बडनेऱ्याला पत्र्याचे डबे उतरले. वर फडकं बांधलेलं, आत गढूळसर पाणी आणि त्यात जिऱ्याएवढी पिल्लं. डब्यांबरोबर आलेल्या खात्याच्या माणसाचे डोळे जागरणानं लाल झाले होते. त्यानं सांगितलं, "पाणी हातानं सारखं हालवत राहायचं. हात थांबला की पिल्लू गेलं."

अमरावतीपर्यंत कसंबसं आणलं. तिथून परतवाड्याच्या मोटारीत चढवायचे म्हणताच कंडक्टर डबे टपावर ठेवा म्हणू लागला. सुभद्रानं डब्याला मिठी मारली. "टपावर उन्हानं उकडून मरतीन, दादा. एवढीसी लेकरं हायेत. पाह्यना, डोकावून तं पाहा."

कंडक्टरनं डोकावून पाहिलं, मान हलवली आणि डबे आत घेऊ दिले. ते मावेनात म्हणून उतारूंच्या पायांमध्ये ठेवले. सुभद्राचे दोन हात दोन डब्यांत, देवमनचे दोन हात दोन डब्यांत, तरी डबे उरलेच. खिडकीशी अचलपूरचे एक म्हातारे मियाँ बसले होते. त्यांनी बाही वर केली. "ला बेटी, एक डिब्बा इधर सरका." मग माहेरी निघालेल्या एका बाईनं पोर दुसऱ्या मांडीवर घेऊन हात घातला. एका तरण्या मास्तरनं घातला. मोटार खड्ड्यात आदळली की सगळ्यांच्या अंगावर पाणी उडे, आणि कोणी रागावलं नाही. मास्तर विचारत होता, ही मोठी केवढी होतात? सुभद्रा ढोमणे साहेबांनी सांगितलेलं माप हातानं दाखवी, आणि तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नसे.

आसेगावच्या अलीकडे मोटारीचं इंजन तापलं आणि गाडी थांबली. पिल्लं पाण्याच्या वर तोंडं काढू लागली. सुभद्रा घाबरली. "देवमन, पानी बदलाव लागते. लवकर."

रस्त्यापासून थोडं आत एक विहीर दिसत होती. देवमन बादली घेऊन धावला. विहिरीवर मालक उभाच होता. "कोन व्हय रे? कोन्या गावचा?"

या प्रश्नापुढचा प्रश्न देवमनला पाठ होता. तो म्हणाला, "मासोळीच्या पिलाईसाठी पानी पायजे, दादा. मरून राह्यले."

"मासोळीची पिल्लं? मोटारीत?" मालक हसत हसत स्वतः बादली भरून घेऊन आला. डब्यात वाकून पाहिलं, दुसरी बादली आणली, तिसरी आणली. पुढचा प्रश्न विचारायचा तो विसरूनच गेला.

गाडी सुरू झाल्यावर देवमन पाण्यात हात फिरवत म्हणाला, "मासोळीचं नाव सांगतलं तं पानी भेटलं, वहिनी. मले तहान लागली म्हनलो असतो तं आधी जात सांगा लागली असती."

सुभद्रानं त्याला आपल्या फडक्यातली भाकर दिली, त्यानं घेतली.

गावात पोचेपर्यंत दिवस कलला होता. ढोमणे साहेबांनी बजावलं होतं, की डबे एकदम उपडे करू नका, तळ्याच्या पाण्याची सवय होऊ द्या. सुभद्रा कमरेएवढ्या पाण्यात डबे धरून उभी राहिली. ओंजळ ओंजळ तळ्याचं पाणी आत घालत गेली. मेलेली पिल्लं वर तरंगत होती, ती तिनं बाजूला काढली. बाकीची डब्याच्या काठावरून निसटून तळ्यात गेली आणि दिसेनाशी झाली. दीर काठावरून म्हणाला, "गेलं तुहं कलकत्ता."

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिच्या जाळ्यात एक रोहू आला. तो ओढताना डोंगा कलंडायला आला होता. तिनं तो दिराच्या दारात नेऊन ठेवला आणि घरी आली. त्या हिवाळ्यात परतवाड्याच्या बाजारात गिऱ्हाइकं विचारायची, हा मासा कुठला? ती सांगे, कलकत्त्याचा. "मंग हा बंगालीत बोलत असन!" म्हणून लोक हसत आणि घेऊन जात. भोयांच्या घरांत पहिल्यांदा दोन वेळा चूल पेटायची सवय लागली.

पुढच्या उन्हाळ्यात देवमनच्या वस्तीतल्या बाया, इंदूबाई पुढे, भर सकाळी घडे घेऊन दगडी घाटावर उतरल्या. तोवर त्यांना पाणी बांधाच्या टोकाच्या चिखलातून भरावं लागे. घाटावरच्या बायकांनी आपले घडे उचलून घेतले आणि त्या बाजूला झाल्या. त्या दिवशी मारामारी झाली नाही. खुशालराव पाटलांनी आपल्या घरच्या माणसांना सांगून ठेवलं होतं, की कोणी हात उगारायचा नाही. पण त्यांचा चुलतभाऊ चंद्रभान पारावर बसून रोज म्हणायचा, "पाहा, एक दिवस या पान्याचं काय होते ते."

एकोणसाठ साली पाऊस लवकर गेला. दसऱ्यालाच नाला कोरडा पडला. खुशालरावांनी त्या वर्षी अंबाडी पुष्कळ पेरली होती. मोटेचे नाडे, गाडीचे दोर, सगळं अंबाडीचंच लागे, आणि अंबाडी पाण्यात भिजवून सडवल्याशिवाय तिच्या सालीतला धागा, वाख, निघत नाही. एरवी तिचे भारे नाल्यात घालत. नालाच नाही म्हटल्यावर खुशालरावांनी गडी लावून ते तळ्याच्या डोंगराकडच्या फाट्यात टाकायला लावले. वर दगड ठेवले. तिकडे कोणी जात नव्हतं, त्यामुळे कोणाला कळलंही नाही.

मग दिवाळीनंतर आभाळ आलं. दोनतीन दिवस ऊन नाही, वारा नाही, नुसतं कोंदट. एका सकाळी सुभद्रा जाळं घेऊन घाटावर आली तर सारं तळं उकळल्यासारखं दिसत होतं. हजारो मासे पाण्याच्या वर तोंडं काढून उघडझाप करत होते. लहान, मोठे, रोहू, कतला, वाम. ती डोंगा घेऊन आत गेली तर मासे पळाले नाहीत. हातानं उचलता येत होते. ऊन वर येईस्तोवर त्यांतले बहुतेक पांढरी पोटं वर करून पडले होते.

सुभद्रा डोंग्यातच बसून रडली. मग उठली आणि जिवंत दिसतील ते मासे घागरीत घालून घरी पळवू लागली. घरातला रांजण विहिरीच्या पाण्यानं भरला आणि त्यात सोडले. सूर्यभान धापा टाकत घागरी भरत होता. "तू बस, तुही छाती…" ती म्हणाली. तो म्हणाला, "आज नाई बसत."

घाटावर गाव जमलं होतं. वास सुटू लागला होता. चंद्रभान मोठ्यानं म्हणत होता, "मी बोललो होतो का नाई? त्याईचे घडे घाटाले लागले अन् पानी नासलं. आता कोनी काई बी टाकलं असन त्यात. राग हाय ना आपल्यावर त्याईले!" दोघा-तिघांनी माना डोलावल्या. संध्याकाळी चावडीवर बसायचं ठरलं. घाट बंद करायचा आणि परतवाड्याच्या ठाण्यात तक्रार द्यायची, असं बोलणं सुरू झालं.

सुभद्राच्या दिरानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, की मागच्या पंधरवड्यात देवमनला गाडी घेऊन डोंगराच्या बाजूला जाताना मी पाहिलं. गाडी भरून गेली, रिकामी आली.

ती तशीच देवमनच्या घरी गेली. ओली, चिखलानं भरलेली. इंदूबाई अंगणात जोंधळा पाखडत होती. देवमन खाटेवर बसला होता. सुभद्रानं दारातूनच विचारलं, "देवमन, पान्यात काय टाकलं तूनं?"

देवमन उभा राहिला. "तू बी इचारून राह्यली?"

"मी तुले इचारून राह्यली. काय टाकलं?"

"खुशालरावाची अंबाडी टाकली," तो म्हणाला. "रोजी होती. चार गड्याईनं मिळून टाकली. त्यात काय? दरसाल तं आमीच टाकतो."

"कोठी टाकली?"

"फाट्यात. नाला कोरडा हाय ना."

इंदूबाईनं सूप ठेवलं आणि सुभद्राला पाणी आणून दिलं. ते ती प्यायली आणि म्हणाली, "चाल. मले दाखव."

तिघं फाट्याकडे गेली. लांबूनच नाकाला पदर लावावा लागला. पाणी काळंशार झालं होतं, वर फेस, खालून बुडबुडे येत होते. काठावरची बेडकंसुद्धा मेली होती. जिथवर नजर जाई तिथवर पाण्याखाली भारेच भारे. देवमन म्हणाला, "वहिनी, मले ठावं नव्हतं. नाल्यातलं पानी वाह्यते, हे थांबेल पानी हाय, एवढं माह्या ध्यानात नाई आलं."

"मले ठावं होतं," सुभद्रा म्हणाली. "नाल्यात अंबाडी घातली का मासोळ्या मरतात, हे मी लहानपनापासून पाह्यलं हाय. पन मी इकडं आलीच नाई. अन् आली असती तरी म्हनली असती, तळं खोल हाय, त्याले काई होत नाई."

थोड्या वेळानं देवमन म्हणाला, "आता चावडीवर काय सांगशीन? पाटलाची अंबाडी म्हनून सांगशीन?"

तळ्यात मासे धरायचा भोयांचा हक्क दरसाल गावाच्या पंचांकडून मिळे, आणि पंचांत पहिला शब्द खुशालरावांचा. सूर्यभानला दम्याचं औषध मिळे तेही त्यांच्याच ओळखीनं परतवाड्याच्या दवाखान्यातून.

चावडीवर अख्खा गाव होता. देवमनच्या वस्तीतली माणसं एका कडेला उभी. चंद्रभान बोलून झाल्यावर खुशालराव म्हणाले, "मासोळीचं भोयाले कळते. सुभद्रे, तू सांग. कायनं मेल्या?"

सुभद्रा उभी राहिली. तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "अंबाडीनं मेल्या, दादा. तुमची अंबाडी फाट्यात हाय, तिनं."

खुशालरावांचा चेहरा तांबडा झाला. "एवढं मोठं तळं, अन् माह्या अंबाडीनं नासलं? कोनं शिकवलं तुले हे? देवमननं?"

"कोनं नाई शिकवलं. मी पाहून आली."

"पाहून आली! घाटावर कोनं काय टाकलं तेबी पाह्यलं का?" चंद्रभान म्हणाला.

"मंग मी दाखवतो," सुभद्रा म्हणाली. "माह्या रांजनात मासोळ्या हायेत. एका घागरीत घाटाचं पानी आना, जिथं इंदूबाई पानी भरते तिथलं. दुसऱ्या घागरीत फाट्याचं आना. तुमचाच गडी पाठवा, आमच्यातला नोको."

खुशालरावांनी खरंच आपला गडी पाठवला. तो परत येईस्तोवर कोणी उठलं नाही. दोन्ही घागरी चावडीच्या ओट्यावर आल्या. फाट्याच्या घागरीजवळचे लोक मागे सरकले. सुभद्रानं सारख्याच आकाराचे दोन रोहू आणून दोन्हींत सोडले. दुपारून ऊन-वारा लागून सावरलेल्या घाटाच्या पाण्यातला खाली जाऊन फिरू लागला. दुसरा लगेच वर आला, तोंड उघडून हवा खाऊ लागला. मग एका कुशीवर कलला, सावरला, पुन्हा कलला. कल्ले उघडले तेवढेच उघडे राहिले. सगळे मान पुढे काढून पाहत होते. सूर्यभान भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या श्वासाचा आवाज चावडीभर ऐकू येत होता.

मासा उलटा झाला तसे खुशालराव पुढे आले. त्यांनी बाही वर केली, त्या घाण पाण्यात हात घातला, मासा काढला आणि दुसऱ्या घागरीत सोडला. वाकून पाहत राहिले. बऱ्याच वेळानं माशाचा कल्ला एकदा हलला. मग पुन्हा हलला.

"जगन का हा?" त्यांनी विचारलं.

"जगन वाटते," सुभद्रा म्हणाली.

खुशालराव हात पुसत देवमनकडे वळले. "देवमन, उद्या मानसं घे अन् सारे भारे भाएर काढ."

देवमन जागचा हलला नाही. "नाई, पाटील. टाकाची रोजी केली, ते काम होतं. पन सकायपासून आमच्यावर इख कालवल्याचा आळ हाय. चंद्रभानजीनं ठान्यात जाची भाषा केली. तुमी ऐकून घेतलं. आता आमीच काढाव?" त्यानं हात जोडले आणि तो आपल्या माणसांना घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यात पहिली उतरली ती सुभद्रा. छातीएवढ्या काळ्या पाण्यात. भारा ओढला की हातातच सालं सुटून येत, अंगाला शेवाळासारखं काहीतरी चिकटे. तिच्यामागून दीर उतरला, मग बाकीचे भोई. भारे पाणी पिऊन जड झाले होते, माणसं थोडी होती. ऊन चढलं तरी चौथा हिस्सासुद्धा निघाला नव्हता. सुभद्रा ओकारी येऊन काठाशी बसली होती तेवढ्यात देवमन आला. मागे त्याच्या वस्तीतले तरणे गडी होते.

"काहून आला?" तिनं विचारलं.

"तू एकली ओढून राह्यली म्हनून आलो," तो म्हणाला. "त्याच्यासाठी नाई आलो."

दुपारून खुशालराव गाड्या घेऊन आले. पागोटं गाडीत ठेवलं, धोतर खोचलं आणि काठावरून दोर ओढायला स्वतः लागले. उन्हाळी-पावसाळी कधी औताला हात न लावलेला माणूस. हाताला फोड आले. भारे सगळे वर निघाल्यावर, सगळ्यांच्या देखत ते देवमनला म्हणाले, "टाका म्हनलो मी, अन् आळ आला तुमच्यावर. चुकलं माहं."

देवमननं विचारलं, "घाटाचं काय?"

"घाट तळ्याचा हाय. कोनालेच बंद नाई."

चंद्रभान तिथं नव्हता. त्यानं ही गोष्ट कधी मानली नाही. बाजाराची पायवाट त्याच्या वावरातून जायची, ती त्यानं काटे लावून बंद केली, आणि सुभद्राला कित्येक वर्षं टोपलं घेऊन लांबच्या वाटेनं जावं लागलं.

आठवड्यानं ढोमणे साहेब आले. तिला वाटलं होतं, सरकारचं बी घालवलं म्हणून ते रागावतील. साहेब रागावले नाहीत. त्यांनी तिच्याच डोंग्यात बसून बाटल्यांत ठिकठिकाणचं पाणी घेतलं आणि समजावून सांगितलं. पाण्यातही हवा असते, मासे तीच घेतात. अंबाडी सडताना ती हवा खाऊन टाकते. तळ्याच्या खोल भागात वारा पोचत नाही, त्यामुळे खालचं पाणी आधी मरतं. ऊन आणि वारा थांबला की वरचंही तसंच होतं. खोल असल्यानं तळं वाचत नाही, उलट त्याला सावरायला वेळ लागतो.

सुभद्रानं सगळं ऐकून घेतलं. काठावर बसलेल्या सूर्यभानकडे बघत म्हणाली, "म्हंजे तळ्याले बी दमा झाला, साहेब."

साहेब म्हणाले, "तसंच समजा."

तो हिवाळा फार वाईट गेला. तळ्यात हाती लागण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुभद्रा इंदूबाईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली. पाण्यात वाढलेल्या बाईला दिवसभर उन्हात वाकून राहणं जमेना. बोटं बोंडांनी फाटत. इंदूबाई आपल्या वाट्याची पात वेचून तिची पात पुढे नेऊन देई.

उन्हाळ्यात खुशालरावांनी बांधाच्या खालच्या अंगाची पडीक जागा अंबाडीसाठी सोडली. सांडव्याचं पाणी तिथं वळवून मोठा खड्डा केला. त्यातलं घाण पाणी पुढे त्यांच्याच वावरात जिरे. गावातल्या साऱ्यांची अंबाडी तिथं भिजू लागली, आणि तळ्यात भारा टाकायचा नाही असा ठराव पंचांनी केला. पावसाळ्यात नवं बी आलं. या खेपेला खात्याची जीप होती, आणि सुभद्राबरोबर इंदूबाई बडनेऱ्याला गेली. सोबतीला घरचा पुरुष नसताना दोघींनी कधी एवढा प्रवास केला नव्हता. येताना दोघींचे हात पाण्यानं पांढरे पडून सुरकुतले होते आणि तोंडं चालूच होती.

तळं सावरायला दोन वर्षं लागली. सूर्यभाननं ते पाहिलं. बासष्टच्या थंडीत तो गेला. शेवटच्या दिवसांत त्याला आडवं होता येत नसे. सुभद्रा पाठीला पाठ लावून बसून राही. तो गेल्यावर भोयांच्या रीतीप्रमाणे सगळं झालं, आणि देवमन मसणापर्यंत बरोबर चालला. भोयांपैकी कोणी त्याला मागे राहा म्हटलं नाही.

त्यानंतरही तिनं जाळं सोडलं नाही. मासेमारांची सोसायटी झाली तेव्हा तिचं नाव त्यात घालावं की नाही यावर वाद झाला. मोठा दीरच म्हणाला, "तिचं नाव नाई तं माहं बी नोको." ती सभासद झाली. आणखी दोन बायका तिच्याकडे जाळं शिकायला लागल्या.

पण स्वतः आणलेला रोहू ती खात नसे. बाजारात विकायची, दुसऱ्याला कापून द्यायची, आपल्या घरी मात्र मरळ नाही तर झिंगे. विचारलं की म्हणायची, "हातानं हालवून जगवलेली लेकरं व्हयत."

चौसष्ट साली देवमनची मुलगी शालू बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा अकोल्याला जठारपेठेत एका दवाखान्यात कंपाउंडर होता. पहिलंच बाळंतपण आणि अंगात रक्त नाही. मुलगी झाली, पण शालूला दूध येईना. पोर रडून रडून निळं पडे. परतवाड्याच्या डॉक्टरीण बाईंनी औषधं दिली आणि मासे खाऊ घाला म्हणून सांगितलं.

इंदूबाई सुभद्राकडे आली. काही मागायचं तिच्या जिवावर आलं होतं. "मरळ असन तं दे वं थोडीसी."

"मरळीनं काय होते?" सुभद्रा म्हणाली आणि जाळं घेऊन निघाली. दुपारी ती मोठा रोहू घेऊन देवमनच्या दारात उभी राहिली. तिनं स्वतःच तो साफ केला, पाट्यावर लसूण-मिरची वाटली, जवसाच्या तेलात रस्सा केला. इंदूबाईच्या चुलीसमोर बसून. भोयाची बाई त्या घरात रांधतेय म्हणून शेजारच्या बाया दारात डोकावून गेल्या.

शालूनं पोटभर खाल्लं. इंदूबाई ताट घेऊन सुभद्रासमोर आली आणि थबकली. आजवर सुभद्रा तिच्याकडे पाणी प्यायली होती, चहा प्यायली होती, पण जेवायला कधी बसली नव्हती. भोयांच्या वस्तीत हे कळल्याशिवाय राहणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"वाढ ना," सुभद्रा म्हणाली. "काहून उभी हाय?"

"तू तं रोहू खात नाई."

"आज खातो." तिनं ताट ओढून घेतलं, भाकर मोडली आणि रश्श्यात बुडवली. पहिला घास सावकाश चावला.

"कसा हाय?" खाटेवरून शालूनं विचारलं.

"मीठ कमी पडलं," सुभद्रा म्हणाली. "आन वं इंदू थोडंसं. अन् तू बी बस."